गवंड्याच्या हाताचा हिशेब

राष्ट्राच्या प्रगतीचे मोजमाप करणाऱ्या तक्त्यांत पोलाद आणि वीज यांच्या जोडीला सिमेंटचा आकडा नेहमी मानाने मांडला जातो. दरडोई सिमेंटचा खप वाढला की देश पुढे गेला, असे समजण्याचा प्रघात नियोजनाच्या पहिल्या दिवसांपासून चालत आला आहे. आज भारत चीनच्या खालोखाल जगातील दुसऱ्या क्रमांकाचा सिमेंट-उत्पादक आहे आणि वर्षाचे उत्पादन चाळीस कोटी टनांच्या पुढे गेले आहे. यंत्रे कितीही आली तरी यातला फार मोठा भाग अखेर माणसाच्या हातांनीच कालवला, उचलला, थापला आणि घोटला जातो. त्या हातांचे काय होते, याचा तक्ता मात्र कोठेच नाही.

गवंडीकाम करणाऱ्यांमध्ये एक दुखणे सर्वत्र आढळते. बोटांच्या पेरांवर, तळहाताच्या कडांना, मनगटावर आणि पावलांच्या पाठीवर प्रथम खाज सुटते. मग बारीक पुरळ उठते, त्यातून पाणी येते, आणि काही महिन्यांनी कातडी जाड, खरखरीत होऊन तिला खोल भेगा पडतात. मजूर त्याला 'सिमेंट लागले' एवढेच म्हणतात, रात्री खोबरेल चोळतात आणि सकाळी पुन्हा थापी हातात धरतात. फारच असह्य झाले तर नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून मलमाची एक नळी येते. तिच्यात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तिन्ही औषधे एकत्र असतात. चार दिवस बरे वाटते. डॉक्टरकडे गेल्यास त्याच्या चिठ्ठीवर कधी गजकर्ण असते, कधी खरूज, कधी नुसतेच इसब. 'काम काय करता?' हा प्रश्न वैद्याने प्रत्येक रोग्याला विचारावा, असे इटलीतील बर्नार्दिनो रामात्झिनी याने १७०० साली आपल्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात आग्रहाने सांगितले होते. तीन शतके उलटली तरी दवाखान्यातील गर्दीत तो प्रश्न बहुधा विचारायचा राहूनच जातो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण त्यांच्या गल्लतीचा फायदा नेहमी एकाच पक्षाला होतो. ओले सिमेंट अतिशय क्षारीय असते. ते तासन् तास अंगाला लागून राहिले तर कोणाचीही कातडी सोलवटेल. गुडघे टेकून कोबा करणाऱ्याच्या गुडघ्यांना त्याने खोल जखमाही होतात. हा झाला भाजण्याचा प्रकार. तो उघड आहे आणि सर्वांना सारखाच आहे. दुसरा प्रकार निराळा आणि अधिक कपटी आहे. त्याचे कारण सिमेंटमध्ये अत्यल्प प्रमाणात असणारे षट्संयुजी क्रोमियम. चुनखडी आणि माती यांत क्रोमियम निसर्गतःच थोडे असते. भट्टीच्या अस्तराच्या विटांतून आणि दळण्याच्या पोलादी गोळ्यांतूनही त्यात काही भर पडू शकते. सुमारे १४५० अंश सेल्सियसच्या भट्टीत, क्षार आणि प्राणवायू यांच्या सान्निध्यात त्यातील काही भाग पाण्यात सहज विरघळणारे षट्संयुजी रूप घेतो. माल कालवताना ते पाण्यात उतरते आणि कातडीतून आत शिरते. तेथे त्याचे रूप पालटून ते शरीरातल्याच प्रथिनांना चिकटते. शरीराची संरक्षणयंत्रणा त्या जोडीला परकी समजते आणि तिची ओळख कायमची स्मरणात ठेवते. ही ओळख पटायला काही महिने लागतात, कधी दहा-पंधरा वर्षे. एकदा ती पटली की पुढे क्रोमियमचा लवलेशही पुरतो. संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी चट्टे उठतात. या उशिरामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड घालणे रोग्याला अवघड जाते.

मराठी माणसाला ही कल्पना वस्तुतः परकी नसावी. बिब्बा एकाला उततो आणि दुसऱ्याला उतत नाही, हे घरोघरच्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक होते. भाषेने त्यासाठी एक क्रियापदच राखून ठेवले आहे. परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी याच बिब्ब्याचा रस वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी चट्टे उठले, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिले. ज्याची बोटे रोज त्या रसात बुडत होती, त्या परिटाच्या दिमतीला लष्करी डॉक्टर नव्हते. गाजर गवताचेही तसेच. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत देशभर पसरले, आणि त्यातील पार्थेनिन या द्रव्याने कित्येक शेतकऱ्यांच्या चेहऱ्याची आणि हातांची कातडी हत्तीच्या कातडीसारखी करून टाकली. पण बिब्बा आणि गाजर गवत निसर्गाने दिले. सिमेंटचे पोते कारखान्यात भरले जाते. त्यात काय असावे आणि काय असू नये हे माणसे ठरवतात. म्हणून तो प्रश्न अर्थकारणाचा आणि राजकारणाचा होतो.

शास्त्रीय ज्ञानाची वाट पाहावी लागली, अशी सबब या बाबतीत टिकत नाही. कातडीवर संशयित द्रव्याची पट्टी चिकटवून दोन दिवसांनी परिणाम पाहण्याची चाचणी योसेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्येच मांडली होती. पॅरिसच्या भुयारी रेल्वेचे काम चालू असताना रने मार्सियाल या डॉक्टराने १९०८ साली तेथील मजुरांच्या या रोगाचे वर्णन केले. त्या काळी रोगाला नाव मिळाले 'सिमेंटची खरूज'. नाव सूचक आहे. खरूज म्हटले की दोष मजुराच्या अंगावरच्या मळाचा ठरतो, सिमेंटचा राहत नाही. पुढे १९५० साली स्वित्झर्लंडमधील येगर आणि पेलोनी यांनी सिमेंटमुळे इसब झालेल्या रोग्यांवर बायक्रोमेटच्या पट्ट्या लावून पाहिल्या. त्यांपैकी जवळजवळ सर्वांनाच त्या उतल्या. इतर इसबाच्या रोग्यांत असे अगदी थोडे निघाले. गुन्हेगार सापडला होता.

योगायोग असा की त्याच १९५० साली के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाचा खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याआधी तीस वर्षे पिगू यांनी कल्याणाच्या अर्थशास्त्रात खाजगी आणि सामाजिक खर्चातील तफावत दाखवली होती. पण त्यांच्या लेखी ती बाजाराच्या व्यवहारातील एक दुरुस्त करण्याजोगी त्रुटी होती. काप यांचे म्हणणे अधिक कडक होते. खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे हा नफ्यावर चालणाऱ्या उद्योगाचा अपघात नव्हे, स्वभाव आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. एरवी 'दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे' हा वाक्प्रचार लाक्षणिक अर्थाने वापरला जातो. येथे तो शब्दशः खरा आहे. पोत्याच्या किमतीत चुनखडी, कोळसा, वीज, वाहतूक, जाहिरात, व्याज आणि नफा हे सर्व धरलेले असते. गवंड्याची कातडी धरलेली नसते, म्हणून ती फुकट मिळते, आणि जे फुकट मिळते ते जपण्याची गरज कोणाला वाटत नाही.

हा खर्च टाळण्याचा उपाय महाग आहे काय? तो हिराकस आहे. जुन्या काळी शाईत आणि रंगकामात वापरला जाणारा, टिटॅनियम डायऑक्साइडच्या कारखान्यांत आणि पोलाद तेजाबात धुताना उपपदार्थ म्हणून निघणारा हा स्वस्त क्षार सिमेंटमध्ये अल्प प्रमाणात मिसळला की कालवताना षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी रूप होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि कातडीतून सहज आत जात नाही. पन्नास किलोच्या पोत्यामागे साधारण पाव किलोच्या आत हिराकस पुरतो. डेन्मार्कमध्ये १९८१ पासून तो मिसळला जाऊ लागला आणि १९८३ साली तसा कायदा झाला. फिनलंडने १९८७ मध्ये आणि स्वीडनने १९८९ मध्ये तेच केले.

डेन्मार्कमध्ये जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचावे असे आहे, कारण सामाजिक शास्त्रांना प्रयोगशाळेची अशी संधी क्वचित मिळते. तयार काँक्रीटचे भाग करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांची बदलापूर्वी आणि बदलानंतर काही वर्षांनी तपासणी झाली. क्रोमियमच्या ॲलर्जीमुळे होणारे इसब या काळात झपाट्याने खाली आले. क्षारामुळे होणारा साधा दाह मात्र होता तेवढाच राहिला. कामाची पद्धत बदलली असती, किंवा कामगार एकाएकी हात धुण्यात दक्ष झाले असते, तर दोन्ही कमी व्हायला हवे होते. एकच कमी झाले, म्हणजे फरक पोत्यातल्या द्रव्याने पडला. एवढा स्वच्छ पुरावा आर्थिक धोरणाच्या कोणत्याही वादात सहसा हाती लागत नाही. युरोपीय समुदायाने २००३ साली निर्देश काढला आणि १७ जानेवारी २००५ पासून दशलक्षामागे दोन भागांहून अधिक विद्राव्य षट्संयुजी क्रोमियम असलेले सिमेंट विकण्यास मनाई केली. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात एक दशांश ग्रॅम. ज्या बंदिस्त यांत्रिक प्रक्रियांत माणसाचा हात सिमेंटला लागतच नाही, त्यांना त्यातून सूट आहे. या एका सुटीतच सारे तत्त्व आले. मर्यादा भिंतीसाठी नाही, हातासाठी आहे. शोध १९५० चा आणि निर्देश २००३ चा, म्हणजे युरोपनेही अर्धे शतक घालवले, हे विसरून त्याचा गौरव करण्याचे कारण नाही. पण निदान त्याने ते केले.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असे म्हणणाऱ्यांनी सिंगापूरकडे पाहावे. तेथील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात क्रोमियमच्या ॲलर्जीचे प्रमाण उतरल्याची नोंद केली, आणि सिमेंटच्या निर्मितीप्रक्रियेतील बदल हे त्याचे कारण असावे असा निष्कर्ष मांडला.

आपल्याकडील सिमेंटचे मानक उघडून पाहिले तर मॅग्नेशिया, गंधकाचे क्षार, क्लोराइड, न विरघळणारा अंश यांच्या मर्यादा टक्क्यांच्या अपूर्णांकापर्यंत बांधून दिलेल्या दिसतात. त्या योग्यच आहेत. क्लोराइड वाढले तर आतली सळई गंजेल, मॅग्नेशिया वाढला तर भिंतीला तडे जातील. भिंतीच्या प्रकृतीची एवढी काळजी घेणाऱ्या त्या यादीत विद्राव्य क्रोमियमला स्थान मिळालेले नाही, कारण त्याने भिंतीला काहीच होत नाही. तडे जातात ते बोटांना. राजुरा-कोरपना भागातील भट्ट्यांतून निघालेले पोते पुण्याच्या एखाद्या बांधकामावर पोचते, तेव्हा त्याच्यावर वजन, प्रत आणि भरल्याची तारीख असते. हाताळणाऱ्याच्या कातडीसंबंधी त्याला समजेल अशा भाषेत आणि आकाराच्या अक्षरांत काही छापलेले शोधावे लागते.

यावर उद्योगाच्या बाजूने दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की आपल्याकडे राखमिश्रित आणि मळीमिश्रित सिमेंटचा वापर मोठा आहे, त्यात क्लिंकरचे प्रमाण कमी असल्याने क्रोमियमही कमी असते. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ते जर खरे असेल, तर मर्यादा घालून घेण्यात उद्योगाचे काहीच जात नाही. जे सिमेंट आधीच निर्दोष आहे ते चाचणीत उत्तीर्ण होईल, आणि जे नाही त्यात हिराकस पडेल. दुसरे उत्तर अधिक प्रचलित आहे: मजुरांनी हातमोजे घालावेत, अज्ञान सोडावे, स्वच्छता पाळावी. हे ऐकायला शहाणपणाचे वाटते. भर उन्हात गिलावा करताना, रंधा फिरवताना, ओळंब्याची दोरी चिमटीत धरताना मोजे किती वेळ हातात राहतात हे सांगणाऱ्याने एकदा पाहावे. मोज्यात ओले सिमेंट शिरले, आणि ते शिरतेच, तर ते बंद जागेत कातडीशी दाबून राहते आणि इजा वाढते. शिवाय रबरी मोज्यांत रबर घट्ट करण्यासाठी घातलेली रसायने स्वतःच ॲलर्जी निर्माण करणारी असतात. इंग्लंडचे पहिले वैद्यकीय कारखाना-निरीक्षक थॉमस लेग यांनी आयुष्यभराच्या अनुभवातून असा निर्वाळा दिला होता की, मालकाने आपल्या बाजूचे सर्व काही केल्याखेरीज कामगार स्वतःच्या बचावासाठी जवळजवळ काहीच करू शकत नाही. लेग हे केवळ लिहून थांबले नाहीत. रंगातल्या शिशासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार ब्रिटिश सरकारने मान्य केला नाही, तेव्हा १९२६ साली त्यांनी राजीनामा दिला. आपल्याकडील किती कारखाना-निरीक्षकांनी कोणत्या कारणासाठी राजीनामे दिले याचा शोध घेणे उद्बोधक ठरेल.

आता कायद्याकडे वळावे. कायदा नाही असे मुळीच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये, रसायने आणि रंग यांच्या प्रत्यक्ष संपर्काने होणाऱ्या त्वचादाहाचा समावेश झालेला होता. त्याचे दोन प्रकार, थेट दाहक द्रव्यांचा आणि ॲलर्जी निर्माण करणाऱ्या द्रव्यांचा, हेही तेथे नमूद होते. मसुदा करणाऱ्याला विषय नीट कळला होता. पण बांधकाम हा कारखाना नव्हे. सिमेंट जेथे तयार होते तेथे संरक्षण, आणि जेथे ते उघड्या हातांनी कालवले जाते तेथे नाही, अशी ही रचना. पुढे १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा झाला, आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांत त्वचादाह हा कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत आला. कळवायचे कोणी? नाक्यावरून दिवसापुरता उचललेल्या मजुराच्या बोटांची भेग सरकारला कळवणारा मुकादम अद्याप जन्मायचा आहे.

खरी मेख नुकसानभरपाईच्या कायद्यात आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतील 'ब' भागात क्रोमियम व त्याच्या विषारी संयुगांमुळे होणारे रोग होते, आणि भौतिक, रासायनिक वा जैविक कारणांनी होणारे त्वचारोगही होते. म्हणजे गवंड्याचा रोग तेथे एकदा नव्हे, दोनदा सापडतो. परंतु 'ब' भागातील रोगांसाठी अट अशी की, कामगार त्याच एका मालकाच्या नोकरीत सलग सहा महिने असला पाहिजे, आणि तशाच कामावर दुसऱ्या मालकाकडे काढलेला काळ त्यात धरायचा नाही. गिरणी आणि कारखाने डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली ही अट बांधकामाला लावली की काय होते ते सांगायला पंडित नको. बिल्डर, त्याचा ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार, त्याचा मुकादम, आणि सगळ्यांत खाली मजूर अड्ड्यावर सकाळी सात वाजता थापी-रंधा पिशवीत घालून उभा असलेला गवंडी. त्याने वीस वर्षे एकच काम केलेले असते, एकच द्रव्य हाताळलेले असते; मालक मात्र शेकड्यांनी झालेले असतात. त्याच्या कातडीने वीस वर्षांचा हिशेब ठेवला, कायदा सहा महिन्यांचा मागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ च्या कायद्याची जागा घेतली. शंभर वर्षांनी होणाऱ्या या पुनर्लेखनात ही अट काढून टाकण्याची संधी होती. ती जशीच्या तशी पुढे चालू ठेवण्यात आली. उलट त्याच संहितेत बांधकामाच्या व्याख्येतून दहापेक्षा कमी मजुरांची कामे आणि पन्नास लाखांपर्यंतची स्वतःच्या राहत्या घराची कामे बाहेर ठेवली आहेत. नाक्यावरच्या गवंड्याचे पोट बव्हंशी याच कामांवर चालते.

आणखी एक विपरीतता आहे. हा रोग मारत नाही. सिलिकोसिसने माणूस मरतो, निदान त्याची विधवा दावा लावू शकते. येथे काम सोडून महिना-दोन महिने गावी गेले की हात बरेच सुधारतात, आणि वैद्यकीय तपासणीच्या दिवशी डॉक्टरसमोर जवळजवळ निरोगी हात ठेवला जातो. अपंगत्व कोठे आहे? अपंगत्व हेच की, त्या हाताने पुन्हा थापी धरता येत नाही. जर्मनीच्या कायद्यात दीर्घकाळ असे होते की, कामगाराने ते काम सोडले तरच त्वचारोगाला व्यावसायिक रोग म्हणून मान्यता मिळे. म्हणजे उपचारासाठी आधी उपजीविकेवर पाणी सोडायचे. ही अट तेथे १ जानेवारी २०२१ पासून रद्द झाली. आपल्याकडे ही चर्चाही सुरू झालेली नाही.

काम सोडण्याचा अर्थ काय होतो हेही पाहिले पाहिजे. बिगारी म्हणून घमेली वाहायला लागलेला पोरगा हळूहळू माल कालवायला शिकतो, मग वीट लावायला, गिलाव्याला, आणि दहा-बारा वर्षांनी मिस्त्री होतो. त्याची मजुरी बिगाऱ्यापेक्षा बरीच अधिक होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे आलेल्या कित्येक भूमिहीनांनी या एका कौशल्यावर संसार उभे केले. शाळेने जे दिले नाही ते थापीने दिले. ॲलर्जी बहुधा नेमकी अशाच वेळी प्रकटते, कौशल्य पिकल्यावर. मग मिस्त्रीला पुन्हा पहारेकरी व्हावे लागते, नाहीतर गावी शेतमजूर. मानवी भांडवलाविषयी मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या भांडवलाचा घसारा कोठे मांडला आहे? स्त्रियांच्या वाट्याला तर ते कौशल्यही येत नाही. ओल्या मालाचे घमेले डोक्यावर, त्यातून गळणारे पाणी हातांवर आणि मानेवर, संध्याकाळी घरी जाऊन त्याच भेगाळलेल्या हातांनी भांडी आणि धुणे. बांधकामावर त्यांना गवंडी क्वचितच होऊ दिले जाते. आणि हातातले काम सुटले तरी क्रोमियम सुटत नाही. चामडे कमावण्यासाठी बहुतेक ठिकाणी क्रोमियमचेच क्षार वापरतात, त्यामुळे चपलेचा पट्टादेखील पायाला उततो.

१९९६ च्या कायद्याबरोबर बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आला आणि राज्याराज्यांत कल्याणकारी मंडळे स्थापन झाली. हजारो कोटी रुपये जमले. ते कसे खर्च झाले वा पडून राहिले, याची लक्तरे सर्वोच्च न्यायालयासमोर टांगली गेली. मजुरांच्या पैशातून लॅपटॉप आणि धुलाईयंत्रे घेतल्याचे वाचून न्यायमूर्तींनी उद्वेग व्यक्त केला, आणि मार्च २०१८ च्या निकालात सरकारांना खडे बोल सुनावले. महाराष्ट्रात मंडळातर्फे भांड्यांचे संच आणि सुरक्षा संच वाटले जातात. भांडी उपयोगी पडतातच. परंतु पट्टी लावून ॲलर्जी ओळखण्याची चाचणी, जिला काही रुपयांची द्रव्ये, चिकटपट्टी आणि चार दिवसांत दोन वेळा पाहणारा डॉक्टर एवढेच लागते, ती जिल्हा रुग्णालयांत या निधीतून का सुरू होऊ नये? तिच्याशिवाय दावा सिद्ध होत नाही आणि दाव्याशिवाय आकडा तयार होत नाही.

या उपेक्षेचा सगळा दोष सरकार आणि मालक यांच्या माथी मारून कामगार चळवळीला मोकळे होता येणार नाही. वेतन, महागाई भत्ता, बोनस आणि कायमपणा यांसाठी ती लढली, आणि लढली ते योग्यच. पण कामगाराचे शरीर हा वाटाघाटीचा विषय तिने फार क्वचित केला. झिजलेल्या कातडीसाठी 'विशेष भत्ता' मागून घेण्याची वृत्तीही काही ठिकाणी दिसली. म्हणजे रोग विकायला काढायचा. ज्यांना ठरलेला मालकच नाही अशांची संघटना कशी करायची, हे कोडे सुटत नव्हते असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्रातच ते सुटले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे काम करणाऱ्या हमालांसाठी मंडळ उभे केले, मालकांकडून मजुरी आणि लेव्ही त्या मंडळात भरायला लावली, आणि कामगाराची नोंद एका मालकाऐवजी मंडळाकडे झाली. सिमेंटची पोती रेल्वेच्या मालधक्क्यावर उतरवणारा हमाल या कायद्याच्या छत्राखाली येऊ शकतो. तेच पोते फोडून माल कालवणारा येत नाही. सहा महिन्यांची अट मालकाऐवजी मंडळाकडील नोंदीवर, म्हणजे धंद्यात काढलेल्या एकूण काळावर, मोजली तर नुकसानभरपाईचा बंद दरवाजा उघडतो. त्यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही, संहितेत दोन ओळींची दुरुस्ती लागते.

मर्यादा घालण्यासाठी तर तेवढेही थांबायला नको. देशातील सिमेंटचा फार मोठा गिऱ्हाईक सरकार स्वतः आहे: रस्ते, धरणे, मेट्रो, घरकुले, शाळाखोल्या. मानक बदलण्यास समित्यांची वर्षे लागतात, निविदेतील अट बदलण्यास एक परिपत्रक पुरते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत सिमेंटची प्रत, ताकद आणि कंपनीने जोडायचा चाचणी-दाखला यांचा उल्लेख असतोच. त्या दाखल्यात विद्राव्य क्रोमियमचा एक रकाना वाढवावा आणि दशलक्षामागे दोन भाग ही मर्यादा घालावी. हिराकसाचा परिणाम दमट हवेत काही महिन्यांनी ओसरतो, म्हणून पोत्यावर तो किती काळ टिकेल याची तारीखही छापली जावी, युरोपात छापतात तशी. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकासाठी कारखाने सरकारी सिमेंट वेगळे आणि खाजगी वेगळे असे दोन घाणे चालवणार नाहीत. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जेथे पोती पावसाळाभर पडून राहतात, तेथे या तारखेकडे खात्याच्या शाखा अभियंत्यांनी विशेष लक्ष द्यावे लागेल.